हात बसलेलं कार्ड

पद्मजा चौगुलेनं कार्ड बदलावं की नाही, यावर त्या वर्षी सांगलीत खुद्द तिच्यापेक्षा इतरांनीच जास्त डोकं खपवलं. कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं तयार करणारं. पद्मजाचं कार्ड चार वर्षांचं झालं होतं. त्याचे पंखे घरघरायचे, आणि उन्हाळ्यात ते इतकं तापायचं की तिचे वडील अण्णा म्हणायचे, "यावर पापड भाजून निघतील की गं." विश्रामबागेत कॉलेजची पोरंपोरी तिला रस्त्यात थांबवून विचारत, "ताई, नव्या पिढीचं कार्ड आलंय. कधी घेताय?"

या चौकशीला कारण होतं. 'घाटवाट' नावाच्या मोटारशर्यतीच्या खेळात पद्मजा दोनदा राज्यात पहिली आली होती. हा खेळ जोडीनं खेळायचा. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवायची. पाच वर्षं तिची वळणं निनाद शिरगुप्पेनं वाचली. तिचा कॉम्प्युटर त्यानंच जोडला होता, त्याची साफसफाईही तोच करायचा. दोघांचं लग्न होणार हे दोन्ही घरांनी धरून चाललेलं, आणि दोघांपैकी कुणी नाही म्हटलं नव्हतं. मग मागच्या दिवाळीत निनाद "मला स्वतः गाडी चालवून बघायचीय" म्हणून पुण्याला गेला. चार महिन्यांत तो राज्यातला पहिल्या नंबरचा चालक झाला. मुलाखतींत सांगायचा, "पाच वर्षं शेजारी बसून बघत होतो. बघून बघून आलं." लग्नाचा विषय त्यानं फोनवर दोन वाक्यांत संपवला.

त्याच्या जागी पद्मजाची वहिनी सुनंदा आली. ती शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळच्या शिकवण्या बंद करून ती नणंदेशेजारी बसू लागली, आणि पाढे म्हणावेत तशी खणखणीत वळणं वाचू लागली.

मार्चमधल्या एका सकाळी दोघी कॉलेज कॉर्नरच्या मकानदारचाचांच्या दुकानात गेल्या. चाचा तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होते.

"आकड्यांच्या मागं लागून कार्ड बदलू नये बेटा," ते म्हणाले. "डोळ्याला चित्र अडखळताना दिसलं की बदलावं. तुझं अडखळतंय, हे तुझं तोंड बघून सांगतो. पण तुझ्या कार्डावर हात बसलाय. तो नव्यावर न्यायचा की कोऱ्यापासून सुरू करायचं, ते आधी ठरव."

"हात बसलाय म्हणजे नक्की काय हो, चाचा?" वहिनीनं विचारलं. "वर्गातली मुलं सारखी बोलत असतात. मी आपली मान डोलावते."

चाचांना असले प्रश्न आवडायचे. "जुनी कार्डं एकेक चित्र हिशोब करून काढायची," त्यांनी सुरुवात केली. "मग ती दोन चित्रांच्या मधलं चित्र अंदाजानं भरायला लागली. आता पुढचंच चित्र अंदाजानं काढतात. असं बघा, तुम्ही स्टिअरिंगचं चाक वळवलं, ते कार्डाला कळलं, त्यानं चित्र काढलं, ते पडद्यावर आलं. यात सेकंदाचा पंचविसावा भाग जातो. सव्वाशेच्या वेगातली गाडी तेवढ्यात जवळजवळ दीड मीटर पुढं गेलेली असते. म्हणून कार्ड काय करतं? ही बाई आता वळवणार, हे आधीच ओळखतं आणि वळलेलं चित्र दाखवून मोकळं होतं. अंदाज बरोबर आला तर उशीर नाहीच. चुकला तर पापणी लवायच्या आत दुरुस्त."

"आणि अंदाज कशावरून?"

"तिच्या सवयींवरून. चार वर्षं ते हिच्याबरोबर गाडी चालवतंय. हिचा हात त्याच्यात बसलाय."

कार्डातल्या या साठलेल्या सवयींना खेळणारे 'हात'च म्हणत. चांगला हात बसायला वर्षं लागायची. त्यात एक मेख होती. निष्णात माणसाचा हात बसलेलं कार्ड साधारण माणसानं वापरलं, तर पडद्यावर गाडी त्या निष्णाताच्या रेषेनं आधीच वळलेली दिसायची, चाकातली मोटर त्याच बाजूला हलकासा हिसका द्यायची, आणि साधारण माणसाचं मनगट चित्रामागोमाग आपसूक जायचं. म्हणून परक्या हातानं खेळायला स्पर्धेत सक्त मनाई होती. पण तपासणी अशी काही नव्हती. खेळाडू आपापलं कार्ड आणायचा, 'हात माझाच आहे' असं लिहून द्यायचा, आणि विश्वासावर चालायचं. हाताची साठवण कार्डाच्या कंपनीकडे व्हायची. मालकाकडे एक किल्ली असायची, म्हणजे लांबलचक परवलीचा शब्द. एका किल्लीवर दोन कार्डं चालत, एक घरचं आणि एक प्रवासातलं. घरच्या कार्डावर जे शिकलं जाई ते दुसऱ्यावर आपोआप उतरायचं.

"किल्ली टाक," चाचा म्हणाले. "काय काय न्यायचंय ते बघू."

पद्मजानं किल्ली टाकली. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिलं कार्ड, चालू. दुसरं कार्ड, चालू.

"प्रवासातलं कार्ड कुठंय तुझं?"

"ते जळलं की, चाचा. नागपूरच्या स्पर्धेनंतर. निनादनंच भंगारात दिलं."

चाचांनी चष्मा वर सरकवून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "भंगारातलं कार्ड काल दुपारी पुण्यात बसून तुझा कालचा सराव उतरवून घेतंय, बेटा."

घरी येऊन पद्मजानं निनादच्या जिंकलेल्या शर्यती लावल्या. आजवर तिनं त्या मुद्दाम पाहिल्या नव्हत्या. पहिल्या दोन मिनिटांतच तिनं शर्यत थांबवली आणि पुन्हा मागून लावली. वळणाआधी किंचित आत घेणं, ब्रेक अर्धा सोडून पुन्हा दाबणं, अवघड उतारावर गाडी डोंगराच्या कुशीला घासून नेणं, सगळं तिचं होतं. आपलं लुगडं दुसरीच्या अंगावर दिसावं तसं झालं तिला. वहिनीनं तिचा खांदा धरला.

"पद्मा, आत्ताच्या आत्ता तक्रार कर. पुरावा समोर आहे."

"तक्रार करून काय होईल?"

"त्याला काढतील."

"एक वर्षासाठी काढतील. तो एक पत्रक काढेल, 'अनवधानानं चूक झाली' म्हणून. वर्षानं परत येईल आणि लोक टाळ्या वाजवतील." पद्मजाचा आवाज चढला नव्हता. "मला ते नकोय, वहिनी. सगळ्या राज्यासमोर, भरल्या सभागृहात तो तोंडावर आपटलेला मला बघायचाय."

"आणि तोवर?"

"तोवर मी कार्ड बदलत नाही."

वहिनीनं त्याचा अर्थ एवढाच घेतला की रागाच्या भरात बोलतेय, चार दिवसांनी शांत होईल.

पण पद्मजाचं ठरलं होतं. त्या मोसमात खेळात एक नवी गोष्ट आली होती, दरड. पावसाळी घाटात रस्त्यावर लाल चिखल पसरलेला, वर धुकं. अशा चिखलावर कुणाचाच हात बसलेला नव्हता. जिथं हात कोरा असतो तिथं कार्ड झटपट शिकतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ऑगस्टमधली अंतिम फेरी पावसाळी घाटात होणार होती. मार्ग त्याच दिवशी उघडायचा, तरी त्यात दरड असणार हे उघड होतं.

चिखलात उतरताना ब्रेक सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि गाडी डोंगराच्या अंगानं घसरू द्यायची, ही योग्य रीत. पद्मजानं आपल्या कार्डाला उलटं शिकवायला घेतलं. उजव्या हाताच्या उताराच्या वळणावर चिखल दिसला की वेग तसाच, आणि चाक डावीकडे, सरळ दरीच्या तोंडात. एवढी एकच गोष्ट. बाकी सगळं ती पूर्वीसारखं, जीव लावून चालवायची, म्हणजे पुण्याच्या कार्डाला तिचा चांगला हात मिळत राहावा आणि चोराला शंका येऊ नये. निनाद त्या चिखलावर सराव करून बघेल ही भीती तिला फारशी नव्हती. ती त्याला ओळखून होती. आयता हात मिळालेला माणूस घाम कशाला गाळेल? तो मुलाखती देत हिंडत होता; राज्यातल्या पहिल्या नंबरच्या चालकाला थेट अंतिम फेरीत जागा मिळायची, म्हणून साखळी शर्यतीही त्याला खेळायच्या नव्हत्या.

एप्रिल गेला, मे गेला. पद्मजाची गाडी रोज दोन-तीन वेळा दरीत जायची. साखळी शर्यतींतही चिखल आला की ती पडायची, कारण हात सगळीकडे एकच शिकायला हवा होता. दुसऱ्या नंबरावरून ती आठव्यावर घसरली. अंतिम फेरीत आठच जण जायचे, म्हणजे ती काठावर उभी होती. लोक म्हणाले, निनाद गेला आणि हिचं पाणी उतरलं. कुणी म्हणाले, कार्ड जुनं झालंय, बाईला पटत नाही. ती सगळं ऐकून घ्यायची. प्रत्येक वेळी दरीत कोसळताना तिच्या मनात एकच चित्र असायचं, निनादचा चेहरा, आणि त्या चित्रानं तिला आतून ऊब मिळायची, हसू फुटायचं. कधी कधी ती स्वतःच्याच त्या हसण्यानं दचकायची, पण तेवढ्यापुरतीच.

वहिनीला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहिनी तडक तक्रार करायला निघाली असती.

जूनच्या एका रविवारी दुपारी वहिनी एक वही घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"दोन महिन्यांत तू एकशे सदतीस वेळा दरीत गेलीस," ती म्हणाली. "मला वाटलं माझं वाचन चुकतंय. मी उशिरा सांगते, किंवा माझा आवाज अडतो. मी रात्री आरशासमोर बसून वळणं वाचली गं. शाळेत फळ्यावर बेरीज चुकायला लागले, पोरं हसली. यांना म्हटलंसुद्धा, पद्माचं नशीब माझ्यामुळं बुडतंय." तिनं वही उघडली. "काल सगळी पडझड मांडली. एकशे सदतीसच्या एकशे सदतीस वेळा उजवं वळण, उतार आणि चिखल. डाव्या वळणावर एकदाही नाही. चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत, पद्मा. मुद्दाम करतेस तू."

पद्मजानं मान खाली घातली. "हो."

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी."

"आणि मी मधल्या मधे कुठल्या हिशोबात होते?"

वहिनीनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळली, आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं शिकवण्या पुन्हा सुरू केल्या. दारातून येता-जाता ती पद्मजाशी बोलायची, जेवणाचं विचारायची, पण त्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. तक्रारही केली नाही. "तुझं तू बघ," एवढंच एकदा म्हणाली.

त्यानंतर पद्मजाची वळणं अण्णा वाचू लागले. ते सकाळी शास्त्र वाचत त्याच संथ सुरात "पुढं डावं... चौथ्या दर्जाचं... सावकाश गं" म्हणायचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

जुलैत तिनं मकानदारचाचांकडून नवं कार्ड घेतलं, कोरं, नव्या किल्लीचं. ते घरी न नेता तिनं दुकानाच्या मागच्या खोलीत एका कॉम्प्युटरात बसवलं. रोज सकाळी तिथं जाऊन ती कोऱ्या कार्डावर गाडी हाकायची. ते तिला ओळखत नव्हतं, त्यामुळं चित्र तिच्या मनाच्या मागून यायचं, दीड मीटर मागून. उधारीच्या डोळ्यांनी चालल्यासारखं वाटायचं. पण तीन आठवड्यांत ती चित्रावर न विसंबता आधीच वळायला शिकली.

"जुन्यावरचा हात यावर आणायचाच नाही?" चाचांनी एकदा विचारलं.

"नाही. तो त्याला राहू दे."

चाचांनी चहा सांगितला.

अंतिम फेरी पुण्यातल्या मोठ्या सभागृहात, ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी झाली. आठ गाड्या, आठ पडदे, आणि समोर अडीच हजार लोक. निनाद निळ्या जॅकेटात आला. पद्मजाला बघून त्यानं हात उंचावला. "कार्ड बदललंस म्हणे? उशीर केलास, पद्मे."

"वेळेवरच बदललंय," ती म्हणाली.

मार्ग उघडला. धुकं, पाऊस, आणि बावीस किलोमीटर उतार. पद्मजा सुरुवातीला मागं पडली. निनाद पहिला होता, तिच्याच रेषेनं, तिच्याच डौलात, आणि सभागृह त्याच्या नावानं घुमत होतं. अण्णा संथ आवाजात वाचत होते. अकराव्या किलोमीटरला उजवं वळण आलं आणि धुक्यातून लाल चिखल दिसला.

नंतर ते वळण लोकांनी शंभरदा पाहिलं. निनादच्या पडद्यावर चित्र आधी डावीकडं गेलं, मग त्याचे हात. कार्डाला चूक कळून चित्र परत फिरलं तोवर चाक वळून गेलं होतं. गाडीचं नाक कठड्यावरून बाहेर झुकलं आणि ती दरीत गेली. नियमाप्रमाणं गाडी पुन्हा रस्त्यावर आली, वेळेचा दंड बसला. तेराव्या किलोमीटरला तो पुन्हा तसाच गेला. चौदाव्याला पुन्हा. तिसऱ्या वेळी सभागृहात कुणीतरी खिदळलं, आणि मग हसण्याची लाटच उठली. निनादनं चाकावरून हात उचलले, जणू चाक चावलं असावं. पद्मजानं ते हसणं कानभरून ऐकलं. इतके महिने तिनं याच आवाजासाठी स्वतःला रोज दरीत लोटलं होतं. तो तिला अपेक्षेपेक्षा गोड लागला. शर्यत तिनं जिंकली, तेही तिच्या लक्षात आलं अण्णांनी पाठीवर थाप मारली तेव्हा.

चार वाजून गेले होते. ती रंगमंचामागच्या बोळात पाणी प्यायला गेली, तर निनाद भिंतीला टेकून उभा होता.

"तू शिकवलंस ते," तो म्हणाला. "चिखलावर."

"माझ्या कार्डाला मी काय शिकवावं, हे तू कोण विचारणार?"

"पद्मे, ऐक. भांडू नंतर. तो हात मी मालट्रकवाल्यांना दिलाय."

तिला कळेना. त्यानं भराभर सांगितलं. एक माल वाहतूक कंपनी दुरून चालवायचे ट्रक घाटात चालवून बघत होती. चालक शहरात पडद्यासमोर बसायचा, ट्रक घाटात. घाटात मोबाइलची रेंज दगा देते, हुकूम उशिरा पोचतो. तेवढा वेळ ट्रकमधलं कार्ड, त्यात बसलेल्या हाताच्या अंदाजानं, गाडी चालवत राहतं. कंपनीला घाटात तरबेज असा हात हवा होता. निनादनं गुपचूप आपला म्हणून तो दिला होता; ट्रकमधली कार्डं त्याच्याकडच्या त्या दुसऱ्या कार्डालाच जोडलेली होती. पद्मजा जे जे शिकवत गेली ते ते तिथंही उतरत गेलं होतं.

"तांबेखिंडीत आज सहा ट्रक आहेत," तो म्हणाला. "सकाळपासून तिथं पाऊस आहे. दरडीचा चिखल रस्त्यावर आलाय, मी आत्ता बातम्यांत पाहिलं. प्रत्येक ट्रकमध्ये एक माणूस बसवलेला असतो. किल्ली तुझी आहे, रद्द फक्त तुझ्याच फोनवरून होते. कर. हात निघून गेला की ट्रक जागच्या जागी थांबतात."

तिच्या खिशात फोन होता. किल्ली रद्द करायला एक बटण पुरेसं होतं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, ते तिला नंतर कायम आठवत राहिलं.

"कंपनीला फोन कर," ती म्हणाली. "सांग, हात चोरीचा आहे, ट्रक थांबवा."

"मी जेलमध्ये जाईन."

"जा."

"पद्मे, तू नुसतं बटण दाब ना! कुणाला काही कळणार नाही. तुझंही, माझंही."

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. कुणाला काही कळणार नाही. म्हणजे लोक हसले ते एका वाईट दिवसाला हसले. पुढच्या वर्षी हा परत येणार, निळं जॅकेट घालून.

"बाहेर माईक आहे," ती म्हणाली. "स्टेजवर जा. सगळ्यांना सांग तो हात कुणाचा होता. तू सांगितलंस की मी बटण दाबते."

"आधी बटण दाब."

"आधी तू."

"माणसं आहेत गं तिथं!"

"मग उशीर कशाला करतोस?"

तिनं फोन हातात धरला होता, अंगठा बटणावर, आणि ती दाबत नव्हती. तो रडला, हात जोडले, पाच वर्षांची शपथ घातली. "तुझी वळणं मी वाचलीत, त्या हातात माझापण वाटा आहे," असंही म्हणाला. तिनं मान हलवली. मग तो खांदे पाडून वळला आणि बाहेर गेला. आयोजकांशी त्याची काही बोलाचाली झाली, मग त्याचा आवाज लाउडस्पीकरमधून आला, फाटलेला. "मी जिंकलेली एकही शर्यत माझी नव्हती. तो हात पद्मजा चौगुलेचा आहे. मी चोरला."

पद्मजानं डोळे मिटून ते वाक्य पूर्ण ऐकलं. मग अंगठा दाबला. चार वाजून एकवीस मिनिटं.

तांबेखिंडीतले पाच ट्रक जागच्या जागी थांबले. सहावा चार वाजून सतरा मिनिटांनी दरीत गेला होता.

त्यातला माणूस वाचला. चाळीस फुटांवर झाडांनी ट्रक अडवला, पण केबिन चेपून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पद्मजानं स्वतः पोलिसांत जाऊन चोरीचं आणि चिखलावरच्या शिकवणीचं सांगितलं, बोळातलं मात्र नाही. निनादला अटक झाली. तिला पाच वर्षं स्पर्धाबंदी झाली आणि चौकशी सुरू राहिली. दुसऱ्याची चोरी पकडून दिली म्हणून काही जणांनी तिची बाजू घेतली, कारण ती अकरा मिनिटं फारशी कुणाला माहीत नव्हती. बोळातलं बोलणं दोघांतच होतं, आणि निनादनं स्वतःच्या वकिलाच्या सल्ल्यानं त्यावर तोंड उघडलं नव्हतं. अण्णांना तिनं ते सांगितलं. अण्णा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. वहिनीला सांगितलं तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला.

"त्या माणसाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? कराडला जा."

कराडच्या इस्पितळात मारुती येडगे खिडकीजवळच्या खाटेवर होता. पन्नाशीचा, रापलेला, दंड अजून ट्रकवाल्याचे. उशाशी त्याची मुलगी बसली होती, मांडीवर जाडजूड पुस्तक.

"बसा," तो म्हणाला. त्याला वाटलं कंपनीची कुणी बाई आली. "बावीस वरसं ट्रक हाकला मी त्याच घाटात. मग ह्यांनी म्हटलं, आता नुसतं बसायचं. चाकाला हात लावायचा न्हाई, लावला तर नोकरी जाईल. म्या बसलो हात मांडीवर घेऊन. चिखल मला आधी दिसला व्हता. म्हटलं गाडी आता डोंगराला धरंल. तर ती दरीकडं वळली. आन् चुकून न्हाई हं बाई. घसरली न्हाई, वळली. कुणी तरी शिकवल्यागत. म्या चाकाला हात घातला, पर तवर झालं व्हतं." त्यानं चादरीखालच्या सपाट जागेकडं पाहिलं. "कुणी शिकवलं असंल वो तिला?"

"मी," पद्मजा म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. कार्ड, किल्ली, निनाद, एप्रिलपासूनची दरी. आणि मग बोळ. मुलीनं पुस्तक मिटलं होतं.

"आमची गाडी गेली चार वाजून सतरा मिन्टांनी," मारुती म्हणाला. "तुला कळलं कवा?"

"दहा मिनिटांनी."

"आन् बटण दाबाय किती येळ लागतो?"

"काहीच नाही. एक अंगठा."

"मग सात मिन्टं काय करत व्हतीस?"

"त्यानं सगळ्यांसमोर सांगावं म्हणून थांबले होते."

"सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं."

"बरं वाटलं?"

खोटं बोलायला जागा होती. बाहेर आवारात कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

"वाटलं," ती म्हणाली.

मारुतीनं मान डोलावली. मग त्यानं मुलीकडं हात केला.

"ही माझी शालन. वकिलीच्या शेवटच्या वर्साला हाय. आता तिला तुझं पुरं नाव सांग, बापाच्या नावासकट. पत्ता सांग. आन् ती मिन्टं सांग, मला सांगितलीस तशीच. काय सोडू नको."

शालननं पेन काढलं आणि वहीचं कोरं पान उघडलं. तिनं पद्मजाच्या डोळ्यांत पाहिलं. ती नजर पद्मजाच्या ओळखीची होती; एप्रिलपासून ती तिच्याच डोळ्यांत होती.

पद्मजानं खुर्ची पुढं ओढली. "लिहा," ती म्हणाली. "पद्मजा बाहुबली चौगुले. विश्रामबाग, सांगली."